पिस्टनवर घातलेलं नाव

आमच्या घरात नाव नसलेलं भांडं नाही. पातेली, डबे, वाट्या, अगदी चहाचं गाळणंसुद्धा. सोसायटीतल्या गणपतीच्या जेवणाला भांडी खाली जातात आणि परत येताना दुसऱ्याचीच येतात, म्हणून नाव घालायचं. आईने तसं वळण लावलं, सासूबाईंनी पुढे चालवलं, मी कधी वेगळा विचार केला नाही. हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते या सवयीतून झालं. सवयीतून झालं म्हटलं की जरा बरं वाटतं. सगळं सवयीतून झालं नाही, तेही सांगेन.

मोटरसायकलशी माझं काही भावनिक नातं नव्हतं. ती कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या पंपाशेजारी, आम्ही राहायला आलो तेव्हापासून उभी होती. वर जुनी सतरंजी, सतरंजीवर मांजर. मी सोसायटीची सेक्रेटरी झाले तेव्हा बोर्डवर नोटीस लावली : ज्याची असेल त्याने पंधरा दिवसांत न्यावी, नाहीतर भंगारात जाईल. मालक परदेशी गेलेला. त्याचा फोन आला, "तुम्हीच घ्या, काकू. कागद पाठवतो." भंगारवाला यायचा होता त्या सकाळी मी सहज सतरंजी काढून टाकीवर ओलं फडकं मारलं. खाली गडद लाल रंग होता आणि दोन्ही बाजूंना क्रोमचे पट्टे. भंगारवाल्याला मी परत पाठवलं.

मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते. एका शाळेचं कार्यालय सांभाळते. स्कूटर पंचवीस वर्षं चालवलेली, मोटरसायकल कॉलेजात असताना चार-दोनदा. उघडलेलं सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे मिक्सर. नवरा म्हणाला, "आधी गीझरकडे बघ. तोही व्हिंटेजच आहे." मी गीझरकडे बघितलं नाही.

शाळेत वर्षभर जे काम करते ते कधी संपलेलं दिसत नाही. ही गाडी चालू झाली की झाली, नाही तर नाही. मला एवढंच हवं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत ती उघडली. मोबाईल पंपाच्या खोलीच्या खिडकीत टेकवून, व्हिडिओ थांबवत थांबवत. बोल्ट मसाल्याच्या पाळ्यात, वायसर लोणच्याच्या बरण्यांत. जुन्या मोटरसायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे, त्यावर मी फोटो टाकून विचारत होते. इंजिनाच्या खालच्या भागाला, जिथे क्रँक असतो, तिथे हात लावू नका, असं सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं. ते काम पुण्यात आता एकच माणूस नीट करतो, नाना पेठेतले उस्ताद, तिकडे द्या. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं ते पुरे झालं.

माझ्या गाडीचा पिस्टन मूळ कंपनीचा होता आणि चांगला होता, फक्त रिंगा बदलायच्या होत्या. तसा पिस्टन हल्ली बनत नाही, बाजारात नकली मिळतात. आमच्याच सोसायटीतले एक गृहस्थ जिन्यात भेटले. म्हणाले, "तिकडे देताय? मोजून द्या आणि मोजून घ्या. ओरिजनल काढून घेतात आणि डुप्लिकेट बसवतात." तिकडे म्हणजे कुठे, असं मी विचारलं नाही. मला समजलं होतं. उस्ताद मुसलमान, त्यांची वस्तीही त्यांचीच. मी असा भेद मानत नाही, असं मी स्वतःविषयी समजत होते. जिन्यात मी नुसती मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी इंजिनाचे सगळे सुटे भाग पिशवीत घालून रविवार पेठेत आमच्या नेहमीच्या भांडेवाल्याकडे गेले.

त्याच्याकडे नावं घालायचं मशिन आहे, पेनसारखं, चालू केलं की गुणगुणतं. त्याने पिस्टन हातात घेऊन उलटासुलटा केला.

"हे कशाचं झाकण?"

"झाकण नाही. नाव घाला. दोनच अक्षरं."

"तारीख?"

"नको."

"सौ. घालू?"

"अहो, इंजिन आहे ते."

"आम्ही विचारून घेतो ताई. नंतर लोक भांडायला येतात." पिस्टन पुन्हा फिरवून तो म्हणाला, "सपाट जागा लागते. इथे वर घालतो."

पिस्टनचा माथा सपाट असतो. त्याने तिथे माझी दोन अक्षरं सुंदर काढली, शेवटच्याला छोटी शेपटी देऊन. मग सिलिंडर, त्याच्यावर बसणारं हेड, झाकणं. कार्बोरेटरवर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या भागावर, एकच सपाट जागा होती, तो इंजिनाला जिथे चिकटतो ते तोंड. तिथेही घातलं. बोट फिरवलं तर अक्षरं लागत होती. भांड्यावर लागतात तशीच. मला ते चांगलं काम वाटलं.

उस्ताद सत्तरीचे. पांढरा शर्ट, पूर्ण बाह्या, बटणं मनगटापर्यंत लावलेली, आणि त्यावर कधी डाग नाही. दुकान लहान, पण जमिनीवर बसून जेवावं इतकं स्वच्छ. मराठी माझ्याहून साफ. पहिल्या दिवशी त्यांनी एकेक भाग फडक्यावर मांडला आणि अक्षरं बघितली.

"हा आहेर कुणाचा?"

"मिसळू नयेत म्हणून घातलंय," मी म्हणाले.

"चांगली सवय आहे. माझ्याकडे याच गाडीची अजून दोन इंजिनं उघडी आहेत. लोक बोल्टसुद्धा पिशवीत एकत्र कोंबून आणतात." त्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं.

तेव्हा गप्प बसले, ती या गोष्टीतली माझी पहिली लबाडी.

चार रविवार मी तिथे गेले. कार्बोरेटर मी घरीच ठेवला होता, साफ करून स्वतः बसवणार म्हणून. बाकी सगळं तिथे. पहिल्या रविवारी त्यांनी बाहेर खुर्ची टाकली. मी म्हटलं, मला बघायचंय. दुसऱ्या रविवारी आत स्टूल मिळालं. तिसऱ्या रविवारी एक जुना ॲप्रन, आणि मॅडमची ताई झाले. क्लचच्या प्लेटा मी बसवल्या, गिअरबॉक्सचं झाकण मी लावलं. चुकले की ते ओरडत नसत.

"ताई, घाई आहे का कुठे जायची?"

"नाही."

"मग त्या नटाला का घाई लावताय?"

पिस्टन आणि सिलिंडर मात्र त्यांनी मधल्या आठवड्यात बसवले. मी शाळेत होते. चौथ्या रविवारी गेले तेव्हा इंजिन मिटलेलं होतं. निघताना ते म्हणाले, "कार्बोरेटर घेऊन या. इथेच बसवू."

"घरी बसवते. तेवढं तरी माझं असू दे."

"बसवा. पण त्याचं तोंड साफ असू द्या. हवा कुठून शिरता कामा नये."

मी तोंड साफ केलं. रॉकेलने, जुन्या टूथब्रशने. अक्षरांत मळ राहिला होता, तोसुद्धा टाचणीने काढला.

गाडी सातव्या किकला चालू झाली. निळा धूर, पार्किंगमध्ये वीस माणसं, टाळ्या. नवऱ्याने पेढे आणले. फक्त एक गोष्ट खटकत होती. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा वेग खाली येत नव्हता, आपलाच वर वर चढत होता. स्क्रू फिरवून बघितला, व्हिडिओ बघितले. उस्तादांना फोन केला नाही. केला असता तर त्यांनी जागच्या जागी गाडी बंद करायला लावली असती. पण फोन केला असता तर ती माझी राहिली नसती.

चौथ्या दिवशी चांदणी चौकाच्या चढावर इंजिन जाम झालं. मागचं चाक एकदम अडकलं, गाडी हातभर घसरली, मी क्लच दाबून कशीबशी कडेला घेतली. टेम्पोतून घरी आणली. दुपारी हेड उघडलं. पिस्टनच्या माथ्यावर काळा थर होता. पेट्रोलच्या फडक्याने पुसला. पुन्हा पुसला.

अक्षरं नव्हती.

इथे खरं सांगायचं तर मला राग आला नाही. आधी बरं वाटलं. चार दिवस आतून वाटत होतं की माझ्या हातून काहीतरी चुकलंय. आता चूक दुसऱ्याची निघाली होती, आणि जिन्यातल्या गृहस्थांनी सांगितलेलीच निघाली होती.

मी पिस्टनचा फोटो काढला आणि ग्रुपवर आठ ओळींचा मजकूर टाकला. नाव घातलेला मूळ पिस्टन दिला होता, परत आला तो बिननावाचा. माझ्या गैरहजेरीत बसवला. चौथ्या दिवशी जाम झाला. सभासदांनी सावध राहावं. उस्तादांचं नाव, दुकान, गल्ली. शाळेच्या नोटिसा मीच लिहिते, मजकुरात कुठे सैल जागा नव्हती. तासाभरात चाळीसएक उत्तरं आली. "त्या भागात हेच चालतं", "आमच्या काकांचाही असाच अनुभव". खराडीच्या एका आयटीवाल्याने लिहिलं, "My engine is with him only! उद्या सकाळीच काढून आणतो. Thanks मॅडम."

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा घेऊन मी नाना पेठेत गेले. पिस्टन स्टीलच्या डब्यात, सिलिंडर, हेड, कार्बोरेटर पिशवीत. पुरावा म्हणून सगळंच घेतलं होतं. डब्यावर अर्थात नाव होतं.

"हा माझा पिस्टन नाही," मी दारातूनच म्हणाले. शेजारच्या दुकानातली माणसं बघत होती, आणि बघावीत असा माझा आवाज होता.

उस्तादांनी हात पुसले. डबा उघडला, पिस्टन खिडकीजवळ नेला आणि ड्रॉवरमधून भिंग काढलं.

"या इकडे. बघा."

मी भिंगातून बघितलं. काळसर धातूवर केसाएवढी एक बारीक रेघ, खाली वळलेली. शेवटच्या अक्षराची शेपटी.

"कोरलेल्या अक्षराला कडा येतात," ते म्हणाले. "आत आग पेटते. कडा तापून लाल होतात, मग पेट्रोल नको तेव्हा पेटतं. म्हणून मी घासून काढली. सिलिंडरच्या आणि हेडच्या तोंडावरचीही काढली. शेपटी खोल होती, तेवढी राहिली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही हौसेने घातलं होतं. म्हटलं, नवीन आहेत, कशाला लाजवायचं."

त्यांनी पिशवीकडे हात केला. "आता जाम का झालं ते बघू. कार्बोरेटर आणलाय?"

त्यांनी कार्बोरेटर उलटा केला. तिथे माझी दोन्ही अक्षरं स्वच्छ होती, टाचणीने साफ केलेली. उस्तादांनी त्यावरून नख फिरवलं. मग स्टीलची पट्टी तोंडावर आडवी ठेवली आणि उजेडासमोर धरली. पट्टी अक्षरांवर टेकली होती, आणि दोन्ही बाजूंना खालून उजेड दिसत होता.

"इथून हवा शिरली. हवा जास्त, पेट्रोल कमी. या गाडीत ऑइल पेट्रोलमधूनच जातं, म्हणजे तेही कमी. कोरडं पळालं बिचारं चार दिवस."

त्यांनी सगळं पुन्हा फडक्यावर मांडलं. एकेक भाग, एका रांगेत. मग म्हणाले, "सकाळी एक साहेब आले होते खराडीचे. त्यांचं इंजिन पोत्यात भरून घेऊन गेले. अर्धं उघडं होतं, म्हटलं दोन दिवस थांबा. तर त्यांनी मोबाईल दाखवला."

मी जमिनीकडे बघत होते. ती इतकी स्वच्छ होती की बघायलाही काही नव्हतं.

"मराठी छान लिहिता तुम्ही, मॅडम," उस्ताद म्हणाले.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं : "पिस्टनबाबत गैरसमज झाला होता. उस्तादांची चूक नाही. विषय संपवूया." आरोप आठ ओळींचा आणि माघार एका ओळीची. कुणाचा गैरसमज, कसा झाला, काही नाही. लोकांनी नमस्काराचे हात टाकले. एकाने लिहिलं, "दबाव आला का मॅडम?" मी त्यालाही उत्तर दिलं नाही. दोन दिवस गेले. शाळेत एक आई मुलाच्या दाखल्यातली चूक दाखवायला आली. मी तिला म्हणाले, ज्याची चूक असेल त्याने लेखी द्यावं लागतं. म्हणून झाल्यावर माझे कान तापले.

त्या संध्याकाळी मी पत्ता विचारून खराडीला गेले. कार्बोरेटर पर्समध्ये. आयटीवाला सज्जन होता, खाली लॉबीत आला. मी त्याला अक्षरं दाखवली, पट्टी लावून दाखवली, पिस्टनचंही सांगितलं. म्हटलं, तुमचं इंजिन त्यांच्याकडे परत द्या. चूक पूर्ण माझी आहे.

तो अवघडला. "मॅडम, actually मी ते दुसरीकडे दिलं ऑलरेडी. त्यांनी कामही सुरू केलंय. आणि आता परत त्यांच्यासमोर कसा जाऊ? मी पण बरंच बोललो त्यांना."

"काय बोललात?"

"जाऊ द्या ना."

तिथल्याच सोफ्यावर बसून मी फोटो काढला. कार्बोरेटरचं तोंड, त्यावर माझी अक्षरं. आणि खाली सगळं लिहिलं. मी ती का घातली, कुणाचं ऐकून घातली, कुणावर संशय होता आणि तो संशय उस्तादांनी पिस्टनला हात लावायच्याही आधीचा होता. ते लिहिताना तीनदा खोडलं. पहिलं उत्तर आलं, "चमच्यांवर पण नाव आहे का हो?" त्यावर हसण्याचे चेहरे. पुढचे आठ दिवस मला तिथे भांडेवाली म्हणत होते. त्यात मला तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. जिन्यातले गृहस्थ भेटले, म्हणाले, "उगाच एवढं लिहिलंत. मिटलं होतं." मी म्हणाले, "तुमचंही नाव घालायला हवं होतं." तेव्हापासून ते लिफ्ट वापरतात.

रविवारी नाना पेठेत गेले. माफी मागितली. दारातून, आधी ओरडले होते तेवढ्याच आवाजात, शेजारच्या दुकानांना ऐकू जाईल अशी. उस्तादांनी मान डोलावली.

"ठीक आहे. बसा, मॅडम."

बाहेर खुर्ची होती. ट्रेमधून कपबशी आली. आधीचे रविवार आम्ही आत उभ्यानेच काचेच्या ग्लासातून चहा प्यायचो. ॲप्रन खुंटीवर दिसत होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्यांनी मी बघताना बघितलं, आणि ते आत गेले. कामाला नाही म्हणाले नाहीत. सिलिंडर एक माप मोठा करावा लागणार होता, त्याला नवा पिस्टन. जुना त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. "तुमचा आहे. बघून घ्या." टोमणा होता की नाही हे मला आजही कळलेलं नाही. मी उघडून बघितला नाही. मग ते म्हणाले, "उघडा. बघून घ्या." मी उघडून बघितला. शेपटी होती.

नंतर त्यांनी एक जाड काच आणि बारीक पॉलिश पेपर आणून माझ्या मांडीवर ठेवला. पेपर काचेवर, कार्बोरेटरचं तोंड पेपरवर, आणि इंग्रजी आठचा आकडा काढत घासायचं. "तुम्ही घातलंय, तुम्हीच काढा. जोर नको."

दोन तास लागले. आधी अक्षरांच्या कडा गेल्या, मग मधल्या रेघा, शेवटी शेपटी. येणारे-जाणारे बघत होते. एक म्हातारी थांबून म्हणाली, "काय घासता बाई?" मी म्हणाले, "नाव." ती पुढे गेली. उस्तादांनी पट्टी लावली, उजेडासमोर धरली. कुठेच फट नव्हती. "बरं आहे," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी नवा पिस्टन आला होता, कुणाच्या तरी जुन्या साठ्यातून शोधलेला. त्यांनी तो स्वच्छ फडक्यावर माझ्यासमोर ठेवला आणि शेजारी एक टोकदार सळई, खुणा करायची.

"खूण करा."

"नको, उस्ताद."

"करा. माथ्यावर नको. आतल्या बाजूला, खाली, इथे. इथे काही बिघडत नाही."

"मला गरज नाही आता."

"मला आहे," ते म्हणाले.

शांतपणे म्हणाले. मग बाजूच्या इंजिनाचा नट सोडवायला लागले, आणि माझं होईपर्यंत मागे वळून बघितलं नाही. मी पिस्टन उलटा धरला, आतल्या बाजूला माझी दोन अक्षरं ओरखडली. सळई घसरली म्हणून वाकडी आली. भांडेवाल्याने पसंत केली नसती. उस्तादांनी चष्मा वर करून ती बघितली, मला पुन्हा दाखवली, आणि माझ्यादेखत पिस्टन बसवला.

गाडी उत्तम चालते. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन खाली येतं आणि एका लयीत राहतं. महिन्यातून एकदा नाना पेठेत जाते, ऑइलचं काही, केबलचं काही. उस्ताद आतूनच आवाज ऐकतात, सांगतात, "ठीक आहे, मॅडम." बाहेर खुर्ची असते. मी बसते. कप घेते.